सात जणांची दहावी

गव्हाणवाडी, ता. जाफ्राबाद
२ जुलै २०२२

ती. दानियालभाई यांस,
फलकचा सलाम, वि. वि.

तुमच्या अटीप्रमाणे फोन न करता मराठीत पत्र लिहीत आहे. घरात आपण उर्दू बोलतो म्हणून माझं मराठी कच्चं राहील, ही तुमची भीती. पण आमचे मराठीचे राजानंद सर म्हणाले, की फलक चुका करते पण थांबत नाही. ही तारीफ आहे का, ते कळवा.

गावातच आठवी सुरू झाली आणि वर्गात आम्ही फक्त नऊ जण. हजेरी सुरू झाली की संपतेच. मागचा बाक नाही, म्हणून लपायची सोय नाही. कबड्डीच्या दोन बाजू केल्या की एक उरतो, तो पंच. बहुतेक वेळा कचरूच, कारण तो कोणावर रागवत नाही. माझ्या शेजारी प्रियदर्शनी बसते. तिचं अक्षर इतकं देखणं आहे की वही बघून मला राग येतो.

लोभ वाढला नाही तरी चालेल, कमी मात्र करू नका.

तुमची,
फलक


पुणे
१६ जुलै २०२२

चि. फलक हिस भाईजानची खूप खूप दुआ.

पत्र पोचलं. एकोणीस चुका निघाल्या, लाल पेनानं दुरुस्त करून सोबत पाठवून राह्यलो. सरांनी केली ती तारीफच आहे, बिनघोर राहा.

आमच्या दहावीच्या वर्गात बासष्ट पोरं होती. शेवटच्या बाकावर बसून मी काय शिकलो ते सरांना कधी कळलं न्हाई, मलाही न्हाई. तुझ्या वर्गाला मागचा बाक न्हाई, तेच बराबर आहे. मोटार वाइंडिंगच्या दुकानात दिवसभर पंपांच्या जळालेल्या मोटारींना तार भरतो. हात शिकला आहे, शेठ खूश आहे. दादीला सांग, जेवतो वेळेवर.

माया आहेच, ती मागायची नसते.

तुझा भाईजान


गव्हाणवाडी
२८ जून २०२३

ती. दानियालभाई यांस,
फलकचा सलाम, वि. वि.

नववी सुरू झाली आणि आम्ही गळायला लागलो. दोघं टेंभुर्णीच्या मोठ्या शाळेत गेले. मंग मच्छिंद्र यायचा बंद झाला. राहिलो सहा. सहा पोरांसाठी वर्ग किती दिवस चालवू देतील, असं गणिताचे बद्रीनाथ सर स्वतःशीच पुटपुटले, ते आम्ही ऐकलं.

मच्छिंद्रच्या वडिलांचा हात मोडला, म्हणून घरची पिठाची गिरणी तोच चालवायचा. आम्ही सहाही जण त्याच्या घरी गेलो. त्याची आई, गोजरबाई, म्हणाली की पोरगं शाळेत गेलं तर दळण कोण घालीन, बाया तर भर दुपारी डबे घेऊन येतात. मच्छिंद्र गिरणीच्या पट्ट्याकडं बघत उभा राहिला.

घरी येताना प्रियदर्शनी म्हणाली, की मंग बायांनी दुपारी येऊच नये. आम्ही गल्ल्या वाटून घेतल्या आणि घरोघर सांगितलं, दळण सकाळी दहाच्या आत न्हाई तर संध्याकाळी पाचनंतर न्या. काहींनी आम्हाला हाकललं. पण आपल्या दादी कमरबी सकाळी सातला ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर जाऊन बसल्या, त्या चार दिवस. दळण एकदाच झालं, बाकी वेळ त्या येणाऱ्याजाणाऱ्या बायांना शाळेवर भाषण देत होत्या. सोमवारी मच्छिंद्र वर्गात आला. केसांत पीठ तसंच होतं. बद्रीनाथ सरांनी हजेरी दोनदा घेतली.

आता आम्ही सात. उत्तर लवकर लिहा, तुमचं प्रेम पत्रातूनच कळतं.

फलक


पुणे
११ जुलै २०२३

चि. फलक हिस भाईजानची दुआ.

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. शेठ दादीला भेटायला येतो म्हणतो.

या वेळी चुका काढल्या न्हाईत. एक गोष्ट फक्त तुला सांगतो. मी दहावीला गणितात गेल्तो, हे घरी माहीत आहे. जुलैच्या फेरपरीक्षेत पास झालो, असं मी सांगितलं, ते खोटं. मी बसलोच न्हाई. पेपरच्या दिवशी टेंभुर्णीच्या बसस्टँडवर तीन तास बसून घरी आलो. नापास म्हणून पुन्हा त्या वर्गात शिरायची शरम वाटली. माझ्यासाठी कोणी गल्लोगल्ली फिरलं न्हाई, आणि फिरलं असतं तरी मी लपलो असतो. आयटीआयला जाता येईना ते त्यामुळंच.

मच्छिंद्रला सोडू नका.

भाईजान


गव्हाणवाडी
९ सप्टेंबर २०२४

ती. दानियालभाई यांस,
फलकचा सलाम, वि. वि.

तुमची गोष्ट मी वर्षभर कोणाला बोलले नाही. पण विसरलेही नाही.

दहावीला आलो आणि बद्रीनाथ सरांना त्यांच्या गावाजवळ, बदनापूरला नोकरी लागली. जाताना त्यांचे डोळे भरले होते. नवे सर दिवाळीनंतर येतील म्हणतात. तोवर गणिताचे धडे आम्ही आपसांत वाटून घेतले. भूमिती प्रियदर्शनीकडे. मच्छिंद्र तोंडी हिशोबात पक्का, म्हणून समीकरणं त्याच्याकडे. माझ्याकडे संभाव्यता. कचरूला कोणताच धडा झेपेना, तर त्याला आम्ही न समजण्याचं काम दिलं आहे. तो बिलकुल लाजत नाही, परत सांगा म्हणतो. त्याला कळलं की सगळ्यांना कळलं, असं धरून पुढं जातो.

आता तुमचं. आमच्या वर्गात आठव्याला जागा आहे. गणिताचा फॉर्म भरा. धडे मी पाठवते. माझा हा हट्ट समजा.

फलक


पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

फलकबाई यांस, विद्यार्थी दानियालचा सलाम.

मागच्या महिन्यात रजा काढून टेंभुर्णीला आल्तो, जुन्या शाळेत फॉर्म भरला. अब्बांना आधी खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, आज किती गणितं सोडवली.

सोबत संभाव्यतेची बारा उदाहरणं आहेत. लाल पेन आता तुझ्याकडं. जरा दयेनं वापर.

तुझा,
दानियाल


गव्हाणवाडी
१६ मे २०२५

ती. दानियालभाई यांस,
फलकचा सलाम, वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं पास, पास ओरडत होता, म्हणून नीट लिहिते. तुम्हाला गणितात त्रेपन्न. अब्बांनी तो आकडा गिरणीवर, हॉटेलात आणि मशिदीबाहेर सांगितला. माझे ब्याऐंशी टक्के त्यांना कोणी विचारले तेव्हा आठवले. प्रियदर्शनी पहिली आली. मच्छिंद्रला गणितात एक्क्याण्णव, गोजरबाईंनी त्या दिवशी गावाचं दळण फुकट दळलं.

कचरू इंग्रजीत सहा मार्कांनी गेला.

आम्ही पेढे घेऊन शाळेत जमलो, तो आला न्हाई. घरी गेलो तर माळ्यावर जाऊन बसलेला. खाली ये म्हणून आम्ही अर्धा तास गयावया केली. शेवटी मच्छिंद्र वर चढला, काय बोलला माहीत न्हाई, दोघं हसतच उतरले. जुलैत कचरू परत बसणार. तोवर आम्ही सहा जणांनी आठवड्याचे सहा दिवस वाटून घेतले आहेत, रोज एकानं त्याला इंग्रजी शिकवायचं. त्यानंतर कोणी जालन्याला जाईल, कोणी टेंभुर्णीला. वर्ग म्हणून एवढंच काम उरलं आहे.

आमच्यावर होता तसाच जीव राहू द्या.

फलक


पुणे
२४ मे २०२५

चि. फलक हिस दुआ, आणि कचरूला माझा सलाम सांग.

आयटीआयच्या फॉर्मसाठी जूनमध्ये महिनाभर गावी येतो आहे. इंग्रजी मला कचरूपेक्षा कमी येतं, ते शिकवणार न्हाई. पण नापास झाल्यावर त्या दारातून पुन्हा आत कसं जायचं, तेवढं मला आता येतं.

सहा दिवस तुमचे झाले. रविवार माझ्या नावावर लिही.

भाईजान