उपरण्याखालचे हात

उमरावती, ता. ३ डिसेंबर १८६४

शालिकराम न्हावी माझी अर्धी दाढी करून उठला. डावा गाल झाला, उजव्याला नुसतं पाणी लावलं, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं – कापसाच्या गाड्या आल्या! वस्तरा धोकटीत, धोकटी काखेत, आणि गडी पसार. जाता जाता म्हणतो, "बसा पंतोजी, एक सौदा करून येतो." तो आलाच नाही. दिवसभर गालाला उपरणं लावून हिंडलो. लोक विचारत होते, दाढ दुखते का.

गावात आता न्हावी नाही, तेली नाही, देवळात पुजारी नाही. सगळे कापसाचे दलाल! तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, विलायतेच्या गिरण्या उपाशी बसल्या, आणि इकडे आमच्या मारुतीला आंघोळ घालायला माणूस मिळेना.

मला बोलायला तोंड नाही म्हणा. मीही शाळेला कुलूप लावून दलालच झालो. चाळीस पोरं उंडारताहेत.

ता. ४

धंद्याचं नाव दलाली, काम बोटं दाबण्याचं. घेणाऱ्याचा हात उपरण्याखाली धरायचा. तो जितकी बोटं दाबेल तितका भाव. मग तसाच विकणाऱ्याचा हात धरून त्याला कळवायचं. तोंडातून आकडा काढायचा नाही. याला हात्ता म्हणतात. शेजारी उभ्या माणसाला काडीचं कळत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आज सतरा हात धरले. बहुतेक घामट, दोन तपकिरीचे, एक खरजेचा. घरी येऊन राखेने हात घासले. बायको म्हणते, "दिवसभर परपुरुषाचे हात धरून बसता अन् घरी आले की बोटं दुखते म्हनता." वच्छलेपुढे माझं काही चालत नाही.

आवडतं का हे काम? मुळीच नाही. पण शाळेपेक्षा चौपट मिळतं, म्हणून कोणी विचारतही नाही.

ता. ८

भातकुलीची मनकर्णाबाई तीन गाड्या कापूस घेऊन आली. विधवा बाई, शेत स्वतः करते, बोलणं फटकळ. सोबत तिचा दीर खुशालराव. दरसाल तिच्या वतीने हात्ता तोच करतो आणि बाहेर येऊन भाव सांगतो. गेल्या साली म्हणाला, चार. त्याच दिवशी तिच्या शेजाऱ्याच्या कापसाला सहा मिळाला होता! यंदा त्याचं म्हणणं असं की पुन्हा चारच आला तर शेत परवडत नाही हे उघड आहे, तेव्हा बाईने ते त्याच्या हवाली करावं. भाऊबंदकीसाठी काही अमेरिकेला जावं लागत नाही.

तिने मला झाडाखाली गाठलं.

"उपरन्याखाली काय झालं ते मले कोन सांगन? मायाच हात घालतो मी आत."

"बाई, बाईमानसाचा हात बाजारात कोन धरन?"

"मंग शिकवा तरी. तुमी पंतोजी होते ना?"

होते! त्या एका शब्दाने जेवण गोड लागलं नाही.

ता. ९

शिकवायचं कसं? परस्त्रीचा हात मी धरू शकत नाही. वच्छला म्हणाली, "माया हात धरा, मी तिचा धरतो. सोवळंओवळं मांगून पाहू." असे तिघं अंगणात बसलो. एक बोट म्हणजे एक, चार म्हणजे चार, पंजा म्हणजे पाच, पंजा दाबून एक बोट म्हणजे सहा. अंगठा दाबला की कबूल. मनकर्णाबाई आधी फार गोंधळली. तिने तीनदा कापूस फुकट दिला. मग जमलं. वच्छलेला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अकोल्याच्या मापाड्याची लेक, धान्य-कापूस मोजणाऱ्यांत वाढलेली. उलट मलाच दटावलं, "बोट दाबता का ऊस पिळता?"

ऊन डोक्यावर कधी आलं कळलं नाही. कित्येक महिन्यांनी मला कडकडून भूक लागली.

ता. १०

रस्त्यात शालिकरामला न्हावी म्हणून हाक मारली. म्हणाला, "शेटजी म्हना."

ता. ११

बातमी फुटली. नत्थुजी, सगळ्या दलालांचा म्होरक्या, घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाईले हात्ता शिकवून राहिला म्हनते तू? उद्या बाया बाजारात बसतीन. मंग आपन काय भाकरी थापाच्या?"

तिचा सौदा केलास तर बाजारात तुझ्या हातात कोणी हात देणार नाही, असं बजावून गेला. मी घाबरलो. खोटं कशाला लिहू? शाळा सोडली, आता हेही गेलं तर खायचं काय?

वच्छलेला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या मले घेऊन चला."

ता. १२

घेणारा किसनराव. मुंबईच्या एका पेढीसाठी खरेदी करतो. उपरण्याखाली माझ्या उजव्या हातात त्याचा हात. डाव्या हातात वच्छलेचा. तिच्या दुसऱ्या हातात मनकर्णाबाईचा. बाजार लोटला बघायला! नत्थुजी आडवा आला, तर मनकर्णाबाई म्हणाली, "नवरा बायकोचा हात धरून राहिला. तुमाले काहून त्रास?" लोक खो-खो हसले. लग्नातल्या पाणिग्रहणानंतर चारचौघांत वच्छलेचा हात मी आजच धरला. कान तापले होते माझे.

किसनरावाने चार दाबले. मी डावीकडे कळवले. उत्तर आलं – आठ. त्याने पाच. आठ. त्याने सहा. तरी आठ! किसनरावाने हात काढला, पुसला, पुन्हा घातला. सात. मी सात कळवले, मनात म्हटलं, बाई, आता दाब अंगठा. उत्तर आलं – आठ, आणि वर एक नखही टोचलं. किसनराव उठून चालू लागला. शेत गेलं, मी गेलो, सगळंच गेलं असं वाटलं. तो दहा पावलं गेला, कापसाकडे एकदा बघितलं, परत येऊन बसला. आठ.

खुशालरावाने विचारलं, "काय भाव सुटला?" मनकर्णाबाई उभी राहिली आणि भर बाजारात, जिथे आकडा कोणी उच्चारत नाही तिथे, मोठ्याने म्हणाली, "आठ. गेल्या सालचा बी आता नीट आठवून सांगा."

खुशालराव बैलांना पाणी दाखवायला गेला. बैल इकडेच होते.

ता. १३

नत्थुजी शब्दाचा पक्का. सकाळपासून एकानेही हात दिला नाही. दुपारी उठलो आणि शाळा उघडली. अकरा पोरं आली. सगळी पाढे विसरलीत गधडी. सातच्या पाढ्यापासून धरलं. घसा बसला. फार बरं वाटलं.

ता. १५

मनकर्णाबाई तुरीच्या शेंगा घेऊन आली. मी म्हटलं, "बाई, सातावर सुद्धा हटल्या नाही. छाती लागते."

शेंगा खाली ठेवत ती म्हणाली,

"मी कुठची हटतो? मी तं पाचावरच अंगठा दाबला होता. सहाले दोनदा दाबला. हे बाई मायी बोटं पुढं जाऊच देईना."

वच्छला चुलीपाशी भाकर थापत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "लय मजा आली."