पहिला डाव देवाला

शनिवार, १४ मार्च
दुपार

प्रिय मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. शाळेत पत्रलेखनाला मार्क होते तेव्हा हे शेवटचं लिहिलं होतं, काही चुकलं असेल तर सोडून दे. तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? रोपवाटिकेत उन्हाळ्याची घाई सुरू झाली असेल. जाळीखालची रोपं यंदा लवकर मान टाकतायत म्हणाली होतीस, त्यांचं पुढे काय झालं?

आम्ही सगळे मजेत. बाबांची मान दुखते. नोकरी सोडून घरी व्हिडिओ कापायला बसल्यापासून ते ती वर करतच नाहीत. आई नेहमीसारखी धावपळीत. टिल्ली परवा सायकलवरून पडली, हनुवटीला टाके पडले, पण आता बरी आहे. माझं कॉलेज ठीक. मीही ठीक.

पत्र बघून तुला वाटेल, या पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. फोनच केला असता, पण आमच्या घरात प्रत्येक फोन सगळ्यांचा असतो. आणि कोणी जरा मनापासून बोलायला लागलं, की आईच्या हातातला फोन आपोआप उभा राहतो.

आमचं पान तुला ऐकून माहीत आहे, पण ते चालतं कसं हे तू पाहिलेलं नाहीस. मी पाच वर्षांची असताना लिंबू चाटून तोंड वाकडं केलं, त्याचा व्हिडिओ आईनं इंटरनेटवर टाकला, आणि लोक वेडे झाले. तेव्हापासून मी जगाची ‘पिटुकली’. मग घरात एक रीत पडली. वाढदिवसाची भेट दुपारी उघडायची, कारण तेव्हा खिडकीतून उजेड चांगला येतो. मी उघडायची, आनंदानं किंचाळायची, आणि आई फोनमध्ये बघून म्हणायची, “पहिला डाव देवाला! आता खरं हं.” मग ती भेट पुन्हा कागदात गुंडाळायची आणि पुन्हा चकित व्हायचं. दुसऱ्यांदा मी जास्त छान चकित होते, सगळे म्हणतात. कागद न फाडता चिकटपट्टी सोडवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

आई वाईट नाही गं. तुझीच बहीण आहे, मी तुला काय सांगणार. सगळं घर त्या पानावर चालतं आणि ती आमच्यासाठी मरमर मरते.

सोळाव्या वर्षी माझ्या तोंडावर पुळ्या आल्या आणि लोकांचा माझ्यावरचा जीव उडाला. ‘पूर्वी किती गोड होती ही!’ असं खाली लिहायचे. मी अजून ते वाचते. तासन्‌तास वाचते. अंगठा सरकत राहतो. वाईट वाटत नाही, आणि चांगलंही वाटत नाही. वर्गात नुसती बसून असते म्हणून कॉलेजनं मला एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, “कसं वाटतंय?” मी लगेच हसले. त्या म्हणाल्या, “हसू नकोस गं, सांग.” मग मी त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला बघत बसले.

आजोबा गेले तेव्हा तू मला कुशीत घेऊन रडत होतीस. मी तुझ्या खांद्यावरून उजेड कुठल्या बाजूनं येतोय ते बघत होते. आजोबा मला आवडायचे, हे मला माहीत आहे. पण ते पाठ केल्यासारखं माहीत आहे.

माझ्यानंतर पान टिल्लीवर आलं. सात वर्षांची आहे, पण माझ्यापेक्षा हुशार. तिला सांगावं लागत नाही.

आता तिच्या पडण्याचं नीट लिहिते. वर एका ओळीत उरकलं ते मला तेवढंच लिहायचं होतं म्हणून.

इमारतीमागे गाड्या लावतात तिथल्या उतारावरून ती सायकल चालवत येत होती. मी पायरीवर फोन बघत बसले होते. चाक कडेला घासलं आणि ती तोंडावर आपटली. उठून बसली. हनुवटी फुटली होती, रक्त फ्रॉकवर टपकत होतं. रडली नाही. आधी इकडेतिकडे बघितलं, मी दिसले, माझ्या हातातला फोन दिसला.

“ताई, घेतलंस?”

“नाही गं.”

“मग परत पडू का?”

असं म्हणून तिनं सायकल उभी केली, मावशी. वरच्या टोकाकडे ढकलत न्यायला लागली.

मी म्हणाले, “थांब.” आईला आणि बाबांना मी इथपर्यंतच सांगितलं. दोघं म्हणाले, मोठ्या बहिणीला काळजी असतेच. पण मी तिला थांबवलं ते रक्त येत होतं म्हणून नाही. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. मी पुढे म्हणणार होते, “त्या बाजूनं ये.” तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वरून आई ओरडत धावत आली.

दवाखान्यात टाके घालताना टिल्ली रडली, अगदी भेसूर, नाक गळत. आई तिला छातीशी धरून स्वतः रडत होती. मला लाज वाटली. कितीतरी दिवसांनी काही वाटलं, आणि ते हे.

आता मुद्द्याचं. टिल्लीला तुझ्याकडे ठेवून घे. सुट्टीपुरती नाही, शाळेसकट. तुझ्या गावातल्या शाळेत जागा आहे का, तेवढं विचारून ठेव. मी आईला एवढंच म्हणाले, की काही दिवस मावशीकडे पाठवू या. आई म्हणाली, “जाऊ दे, नाहीतरी टाके दिसतायत तोवर तिचं काही करता येणार नाही.” म्हणजे टाक्यांचा व्रण जाईपर्यंत तुझ्या हातात आहे. पुढचं तू आईशी भांड. तू मोठी बहीण आहेस, तुझ्यापुढे तिचं काही चालत नाही. बाबा मूग गिळून बसतील.

येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीनं मी तिला घेऊन येते आणि रात्र न थांबता परत फिरते. सुरुवातीला ती तुला प्रत्येक गोष्ट दोनदा करून दाखवेल. रोप लावेल, उपटेल, पुन्हा लावेल. रागावू नकोस. “मी बघितलं, झालं,” एवढंच म्हण.

मी का राहत नाही, असं तू विचारशील. आईनं टिल्लीला सोडलं ते फुकट नाही. पान रिकामं ठेवता येत नाही. तिच्या जागी मी बसायचं ठरलंय. ‘मोठी झालेली पिटुकली आज मनातलं बोलणार’, असं नाव आहे. मनाच्या आजारावर बोललेलं लोकांना हल्ली आवडतं म्हणे. बोलायचं ते बाबांनी लिहून दिलंय, आणि खोटं सांगत नाही, चांगलं लिहिलंय. त्यात मधोमध एक वाक्य आहे, ‘मला आता काहीच वाटत नाही.’ ते मला रडत म्हणायचं आहे. आईनं विचारलं, “जमेल ना बाळा?” मी जमेल म्हणाले. विचारताना तिचे डोळे भरले होते. ते खरे होते का, हे मला ओळखता आलं नाही.

कोणी तुला तो व्हिडिओ दाखवायला आलं तर बघू नकोस. टिल्लीलाही बघू देऊ नकोस, कारण ती रडणं बरोबर झालं का तेवढंच बघेल.

पत्राचं उत्तर पाठवू नकोस. गुरुवारी फाटकापाशी उभी राहा, म्हणजे मला कळेल.

तुझ्यावर हे ओझं टाकणारी,
तुझी ठमी