वेन्डेलने कॉफी प्यायली त्याची हकिगत

सल्त, मंगळवार

आदरणीय अबू नाएफ दाजी यांस धाकट्या मेहुण्याचा, रिझिकचा, सलाम. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. तुमचं पित्त, तुमची पाठ आणि तुमचा राग ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा करतो. अकाबाचा उकाडा वजीहाताईला अजून सोसत नाही असं कळलं. तिला म्हणावं, तीस वर्षं झाली, आता सवय कर. तुम्ही ईदला पाठवलेला मासा पोहोचला. (बर्फ वाटेत वितळला होता. मासा मांजरीने खाल्ला, पण तुमची आठवण आम्हीच काढली.) पत्राला खास कारण असं काही नाही. बरेच दिवसांत लिहिलं नाही, आणि मनाला स्वस्थता नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या कलआ क्लबचा अमेरिकन बास्केटबॉल खेळाडू वेन्डेल पेटवे तुम्हाला आठवत असेल. ताईच्या नातवाच्या बारशाला तो आला होता आणि दाराच्या चौकटीवर आपटून त्याने तुमच्या घराला नवी चौकट बसवायला लावली होती. मी एकतीस वर्षं या क्लबच्या खेळाडूंच्या पोटऱ्या चोळतोय, तेव्हा पायावरून माणूस ओळखतो. वेन्डेलचे पाय चालून चालून थकलेल्या माणसाचे आहेत. अलाबामात कॉलेजात तो नावाजलेला होता, पण तिथल्या मोठ्या संघांनी त्याला घेतलं नाही. मग पोटासाठी परदेशी खेळायला निघाला. एक हिवाळा फिनलंडमध्ये काढला (तिथे दुपारी तीनला दिवे लावतात म्हणे, आणि शेजारी वर्षभर बोलत नाहीत), मग ट्युनिशियात अर्धा हंगाम खेळला आणि तो संघच बरखास्त झाला. तिथून आमच्याकडे आला तो एका हंगामासाठी. राहिला सात. त्यांत दोनदा अजिंक्यपद आणलं, आणि आमच्या टेकडीवरच्या सगळ्या पायऱ्यांवर कुठे वाकायचं हे पाठ केलं.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला घरी बोलावलं. वेलची घातलेली कडू कॉफी मी त्याच्या फिंजानात ओतली. आता पुरे झाली की तो इवलासा कप हलवून परत द्यायचा, हे आपल्याकडे लेकराला बोलण्याआधी येतं, पण त्याला कोण सांगणार? ओतलेलं नाकारणं उद्धटपणाचं, असं त्याला वाटलं. समोरचा पितोय तोवर हात आवरणं कंजूषपणाचं, असं मला. तेरा कप झाले. चौदाव्याला माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या माणसाचे डोळे बघा, मेलाय तो." पुढे दोन दिवस त्याचा डोळा लागला नाही आणि शुक्रवारी त्याने एकट्याने एक्केचाळीस गुण केले. प्रशिक्षकांनी मग महिनाभर सगळ्या संघाला सामन्याआधी तेरा तेरा कप पाजले, आणि आम्ही सलग चार सामने हरलो. (ओळीने सगळे न्हाणीघराकडे धावत होते, तेव्हा बचाव कोण करणार?)

पण शिकला. आपल्या रीती त्याने आपल्यापेक्षा चांगल्या उचलल्या. पाचव्या वर्षी त्याची आई तिकडे वारली आणि हंगाम चालू असल्यामुळे त्याला जाता आलं नाही. तेव्हा आम्ही क्लबच्या मैदानात तीन दिवस खुर्च्या मांडल्या. जिला आम्ही कुणी पाहिलं नव्हतं त्या बाईच्या दुखवट्याला सगळं सल्त लोटलं. तिसऱ्या दिवशी हाजी मुतलक, आमचे ऐंशी वर्षांचे निवृत्त न्यायाधीश, त्याच्या शेजारी बसून म्हणाले, "बाळा, आता तुझी माणसं इथेच." कुणाला किती कॉफी द्यायची, कुणापुढे उभं राहायचं, कधी घोट घ्यायचा आणि कधी नाही, यात तीन दिवसांत त्याच्याकडून एकही चूक झाली नव्हती. दाजी, मी त्या दिवशी रडलो होतो, हे तुम्हाला तेव्हा लिहिलं नव्हतं.

यंदा त्याचा उजवा गुडघा बोलायला लागला. चौतिसावं सरलंय. क्लबचे अध्यक्ष शाहेर बेग यांनी टेक्ससचा कोणी बाविशीतला पोरगा ठरवला. परदेशी खेळाडू एकच ठेवता येतो, म्हणजे वेन्डेलला नारळ. आणि क्लबचं नोकरीचं पत्र हातचं गेलं की इथे राहण्याचा परवानाही जातो. जाणार कुठे? अलाबामातलं घर आईबरोबर संपलं. मग गावाने ठरवलं, शाहेर बेगच्या घरी जाहा न्यायची.

तुम्ही बंदरावरची माणसं, मासे मोजता मोजता रीती विसरलात असं ताई म्हणते, म्हणून सांगतो. मुलगी मागायला किंवा खून माफ करायला सांगायला जाते तशी चौदा मोठ्या माणसांची जाहा निघाली. यजमान कॉफी ओततो, पण ती कुणी ओठाला लावत नाही. प्रमुख मागणं मांडतो. यजमान हो म्हणाला की मगच घोट घ्यायचा. त्याआधी एकानेही प्यायली, तर मागणं तिथेच मिटलं. न प्यायलेली कॉफी हीच आपली ताकद.

हाजी मुतलक अर्धा तास बोलले. आजोबांच्या काळातला दुष्काळ, मग शाहेर बेगच्या वडिलांची उदारता. शाहेर बेग छताकडे बघत होते, पण हळूहळू विरघळत होते, हे मला त्यांच्या पायांवरून कळत होतं. मग हाजींनी मला गुडघ्याबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. मी चार शब्द बोललो. (हाजींचं म्हणणं, पाऊण तास झाला. गुडघा हा काही लहान विषय नाही.) वेन्डेल मागे माझ्या शेजारी, आईच्या दुखवट्याला शिवलेला काळा सूट घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता. शाहेर बेगनी घसा साफ केला, हो म्हणणारच होते, आणि तेवढ्यात खोलीभर मोठ्ठा भुरका ऐकू आला. वेन्डेलने कॉफी प्यायली होती. रिकामा कप हातात धरून तो आमच्या सल्तच्या बोलीत म्हणाला, "माफ करा मंडळी, मी परका माणूस, विसरलो."

शाहेर बेगना तेवढंच हवं होतं. ते उठून म्हणाले, "जाहा आली, कॉफी प्यायली, घर पावन झालं." चौदा जणांना दारापर्यंत पोहोचवायला ते स्वतः आले. वाटेत सगळ्यांनी वेन्डेलला बोल लावले. कोणी म्हणालं, सात वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. कोणी म्हणालं, अमेरिकन तो अमेरिकनच. मीही काहीतरी म्हणालो. असो. नशिबापुढे कुणाचं चालत नाही. ताईला सलाम, लहानांना आशीर्वाद, मांजरीचे तुम्हाला आभार.

तुमचा,
रिझिक

ता.क. वेन्डेल सध्या माझ्याकडेच आहे. त्याचे पाय पलंगाबाहेर येऊन अंगणाच्या दारात असतात, आणि बायको रोज त्यांना वळसा घालून कपडे वाळत घालते. परवाना महिनाअखेर संपतो.

दुसरा ता.क. तुम्ही तुमच्या बंदराच्या क्लबचे उपाध्यक्ष आहात हे मी विसरलेलो नाही. तुमच्या पोरांना शिकवायला माणूस नाही, असं ताईच बोलली. गुडघा खेळायला नकार देतो, शिकवायला नाही. शुक्रवारी नमाजानंतर आम्ही चौदा जण तुमच्याकडे येतोय. जेवणाचं अवडंबर नको, पण दह्यात शिजवलेल्या मटणाचा मन्सफ केलाच तर दही आमच्याकडचं वापरा.

तिसरा ता.क. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. कॉफी आधी मी प्यायलो. पाऊण तास बोलून तोंडाला कोरड पडली होती, हात आपोआप गेला, आणि घोट घशाखाली उतरल्यावर मला कळलं मी काय केलं ते. कप तोंडाशीच होता. वेन्डेलने माझ्याकडे एकदा बघितलं, आपला कप उचलला आणि सगळ्यांनी आपल्याकडे वळावं म्हणून मुद्दाम भुरका मारला. त्या गडबडीत मी माझा कप बाहीखाली लपवला. वाटेत त्याला बोल लावणाऱ्यांत मी होतो, तेव्हाही तो गप्प होता. रात्री मी विचारलं, असं का केलंस, तर म्हणाला, "तुम्हाला याच गावात राहायचंय." शुक्रवारी हा मजकूर चौदा जणांसमोर मोठ्याने वाचा, हाजींना कमी ऐकू येतं. मग तुम्हाला हो म्हणायचं असलं तर म्हणा. कॉफी सगळ्यांना ओता, पण माझ्यासमोर ठेवू नका. मला पाण्याचा तांब्या द्या.