हेमराजचा ओठ

सुरत, ३ मार्च १९९८

ती. सुंदराताईस, हेमराजचा सा. न. वि. वि.

माझ्या भाचीचं, उज्ज्वलाचं लग्न नऊ मेला ठरल्याचं कळलं. काल नाकातला शेंबूड पुसत होती, आता नंदुरबारची सून होणार. फार आनंद झाला.

माझा खालचा ओठ वर्षभर सोलतोय, हसलं की फाटतो, पांढरा चट्टा पडलाय, हे तुला ठाऊकच. तू सांगितल्याप्रमाणे बिब्बा लावला. सकाळी ओठ वड्याएवढा सुजला! तुझ्या भावजयीने, सुषमाने, हात धरून चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते जाम रागावले. म्हणाले, हा ओठ आहे, टाच नव्हे. तुकडा कापून तपासायला पाठवलाय. दुर्लक्ष केलं तर असा ओठ कॅन्सरकडे वळू शकतो, म्हणाले. ताई, रिपोर्ट अजून यायचाय.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझा हेमराज

दोंडाईचा, १२ मार्च १९९८

चि. हेमराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पण माझ्याशी खोटं बोलू नकोस. गळ्यात माळ घातलीस आणि तंबाखू चोरून चालूच ठेवलीस ना? तुझ्या दाजींनाही तेच वाटतं. तोंड बिघडतं ते तंबाखूनेच. मायला दिलेला शब्द तरी आठवायचा होतास रे!

रिपोर्ट आला की लगेच कळव. इथे मांडवाचं बघतेय, पण लक्ष सगळं सुरतेला.
तुझीच काळजी करणारी,
सुंदराताई

सुरत, ८ एप्रिल १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला. कॅन्सर नाही. आणि तंबाखूही नाही, माळेची शपथ! डॉक्टरांनी आधी विचारलं की काम कुठे. इच्छापोरच्या उघड्या यार्डात वीस वर्षं लोखंड मोजतोय म्हटल्यावर म्हणाले, उन्हाने जाळलाय. खालचा ओठ पुढे असतो, ऊन थेट त्यावरच बसतं.

शनिवारी लेझर केलं. इंजेक्शन देऊन ओठ बधिर केला, डोळे झाकले, आणि प्रकाशाच्या बारीक रेघेने खराब कातडी वरच्यावर जाळून काढली. वीस मिनिटांत संपलं. केस जळल्यासारखा वास आला, बाकी काही नाही. आता ओठ लालबुंद आहे, दिवसभर मलम चोपडतो. महिन्याभरात नवी कातडी येईल.

पण कोवळ्या कातडीला ऊन अजिबात चालणार नाही. लग्न बारा पस्तीसचं, तेही उघड्या मैदानात, वैशाखात. शिवाय असं तोंड बघून वऱ्हाडी कुजबुजतील की मामाला कॅन्सर आहे. त्यापेक्षा आपल्या चुलत भिकनदादाला मामा म्हणून उभं कर. मी येत नाही. राग मानू नकोस.
तुझा अपराधी,
हेमराज

दोंडाईचा, २१ एप्रिल १९९८

चि. हेमराजला खूप आशीर्वाद.

आधी माझं ऐक. तंबाखूवरून बोलले ते चुकलं. बिब्बा सांगितला तेही चुकलं. लहान भावाची माफी मागायला कसली लाज? मागते.

आता तुझं. शहाणपणा पुरे! तुझं पत्र वाचल्यापासून उज्ज्वला धड जेवत नाही. म्हणते, सख्खा मामा असताना दुसऱ्या कुणाचा हात धरून बोहल्याकडे जाणार नाही. मग मीच नंदुरबार गाठलं. व्याह्यांना सगळं खरं सांगितलं, तुझा ओठही लपवला नाही. विहीणबाई म्हणाल्या, त्यांच्याही भावाची पाठ शेतात उन्हाने भाजते. गुरुजींनी पंचांग बघून गोरज मुहूर्त काढून दिला. छापलेल्या दोनशे पत्रिकांवर बारा पस्तीस खोडून मी आणि दाजींनी हाताने सहा पन्नास लिहिलं. माझं अक्षर तुला माहीतच आहे, लोक हसताहेत. हसू देत.

सूर्य कललेला असेल, तेव्हा मांडवात ये.
वाट बघणारी,
ताई

सुरत, ३० एप्रिल १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. म्हणाले, ऊन टाळा असं रोज शंभर जणांना सांगतो, पण कुणाच्या बहिणीने मुहूर्त हलवलेला पहिल्यांदाच ऐकतोय. टोपी घालून, ओठाला मलम लावून जायला त्यांची हरकत नाही.

आदल्या रात्रीच्या गाडीने निघतो, ऊन चढायच्या आत तुझ्या दारात. पत्रिकाही मिळाली, तिच्यावरचं तुझं अक्षर बघून सुषमा आणि मी पोट धरधरून हसलो. हसता हसता मी एकदम थांबलो, ओठाला हात लावून बघितला. फाटला नव्हता, ताई. वर्षानंतर पहिल्यांदा.

उज्ज्वलाला जेवायला घाल.
तुझाच हेमराज