आधी उघडून दाखवा

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

प्रिय दादूस,

नमस्कार, आणि घरच्या सगळ्यांची विचारपूस एकदाच करून टाकते, म्हणजे मला लवकर मुद्द्यावर येता येईल.

आज आईची अविधवा नवमी. सकाळी कामावर जाताना तू दारातूनच पाया पडून गेलास, असं आबा म्हणाले. पानावर बसला असतास तर तिला बरं वाटलं असतं. तुझ्या वाटणीचे वडे आबांनी बाजूला काढून ठेवले होते, ते कल्पेशच्या हाती खरवईला तुझ्या घरी पाठवतेय. पिशवीत डब्याखाली हे पत्र आहे. फोनवर मी जरा काही बोलायला लागले की तुला कंपनीतून हाका येतात, आणि व्हॉट्सअॅपवर तू अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आम्ही मजेत. कल्पेशचे रविवारसुद्धा उल्हासनगरला शेठच्या दुकानात जातात, दिवाळीपर्यंत असंच चालेल. माझा डावा हात पावसात कुरकुरतो तेवढाच.

आता बातमी. आमच्या नेत्राला रायफल शूटिंग शिकायचंय. शिकू द्यावं असं मलाही वाटतंय. रागावू नकोस, पुढे वाच.

गणपतीच्या सुट्टीत ती आबांकडे गावात राहिली होती. डोंगराकडच्या शेतात या वर्षीही डुकरं उतरली. आबा हल्ली बंदुकीचा बार काढत नाहीत, संध्याकाळी माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतात. ही रोज त्यांच्यासोबत. एके दिवशी म्हणाली, "आबा, डबा वाजवून डुकरं जातात, तर मग बंदूक कशाला?" आबा म्हणाले, "डब्यानं जात नाय त्यांच्यासाठी." तिथून तिच्या डोक्यात शिरलं. मला दाखवा, मला शिकवा. आबांचं एकच, "बारा वरसं सरू दे, मग बघू." आबांच्या तोंडी मुलीसाठी 'मग बघू' आलं, हेच मला केवढं वाटलं.

मी काय केलं, तिला घेऊन अंबरनाथला गेले. तुझ्या कंपनीच्या अलीकडे एक शूटिंग क्लब निघालाय, एअर रायफलचा. एक लांबडा हॉल, टोकाला कागदी गोल लावलेले. शिकवणारी किर्ती मॅडम म्हणजे तिशीतली पोरगी, केस बारीक कापलेले, आवाज मात्र हेडमास्तरचा. आमच्या पुढे एक सिंधी गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. म्हणाले, "मॅडम, मेरा बेटा मोबाईल पे ऐसा निशाना मारता है, आप देखोगे तो बोलोगे." ती म्हणाली, "अंकल, मोबाईल में मरा हुआ उठ जाता है. यहाँ नहीं उठता." मला ती तिथेच आवडली.

मी विचारलं, मुलगी अकरा वर्षांची आहे, तयार आहे असं कसं ओळखायचं? ती म्हणाली, "ताई, वय आधार कार्डावर असतं. मला दोनच गोष्टी सांगा. 'थांब' म्हटलं की ती थांबते का? आणि मोठ्या माणसाला 'थांब' म्हणायची तिची हिंमत आहे का?"

पहिला महिनाभर तिथे नेम वगैरे काही नाही. नळी कुणाकडे करायची नाही, बोट घोड्यावर ठेवायचं नाही, आणि रिकामी म्हणून हातात दिलेली बंदूक भरलेलीच समजायची, आपण स्वतः उघडून बघेपर्यंत. हेच घोकायचं. घरी आल्यापासून नेत्रा छत्रीसुद्धा टोक जमिनीकडे करून धरते. काल कल्पेशने झाडू खांद्यावर टाकला, तर म्हणाली, "बाबा, नळी खाली." तो बिचारा झाडू खाली करून उभा राहिला.

पण दादूस, मी आंधळी नाही. हीच मुलगी कॅरममध्ये हरली की सोंगट्या उधळते. गॅस बंद केलास का विचारलं तर 'हो' म्हणते आणि मग पळत जाऊन बंद करते. 'थांब' म्हटलं की थांबते, पण तोंड वाकडं करून. मोठ्यांना 'थांब' म्हणेल का, ते मला माहीत नाही. आपल्या घरात ते कधी कुणी म्हटलेलं नाही.

क्लबची एक अट आहे. मुलासोबत घरचं एक मोठं माणूस महिनाभर बसलं पाहिजे, आणि त्यानेही सगळं करून दाखवलं पाहिजे, अगदी रायफल खांद्याला लावण्यापर्यंत. मॅडमनी माझ्या हातात दिली. मी हाताचं कारण सांगून परत केली. कल्पेशला रविवार नाही. तू तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असतोस, आणि रविवारी तुला सुट्टी असते. दसऱ्याला मात्र दर वर्षी तुझी ड्युटी लागते, ते सोडून देऊ.

तर दोन प्रश्न. ती तयार आहे का? आणि तू बसशील का? पहिला प्रश्न तुला का विचारते, ते तुला कळतंय. ते मी लिहीत नाही.

वडे गरम करून खा.

तुझी,
वेणू

•

बदलापूर गाव
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

प्रिय दादूस,

तुझी चिठ्ठी रिकाम्या डब्यातून आली होती. "नको. लहान आहे. वडे मस्त." मी नेत्राला तुझा निरोप सांगितला. ती थोडी रडली, मग म्हणाली, "मामा बरोबर असेल." तोंड वाकडं न करता. मी विषय मिटवला. खरंच मिटवला होता.

पण काल खंडेनवमीला जे झालं, ते आज सोनं लुटायच्या आधी तुला लिहून पाठवायचंच आहे. आबांच्या पडवीत बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण मला लिहायची घाई झालीय.

तुला राजेंद्र माहीतच आहे, आपल्या काकांचा. त्याने यंदा टुमणं लावलं होतं की घरातली रीत परत सुरू करायची. त्याचा अक्षय तेराचा झालाय, मिसरूड दिसतंय, तर यंदा पूजेला बंदूक त्याने उचलून कपाळाला लावायची. आबा आधी नाही म्हणाले. मग राजेंद्र म्हणाला, "पस्तीस वरसं झाली काका, अजून किती धरून बसणार?" आबा गप्प बसले. गप्प बसले म्हणजे हो, हे आपल्याकडे ठरलेलंच.

पाट मांडला. विळे, कोयते, फाळ, आणि मधोमध बंदूक. झेंडूची माळ, हळदकुंकू. तिची नळी दर वर्षी जिकडे असते तिकडेच, स्वयंपाकघराच्या दाराकडे. मी आरतीचं ताट घेऊन तिथेच उभी. पस्तीस वर्षांत मी किती वेळा त्या दारात उभी राहिले असेन, मला कधी काही वाटलं नाही. पूजेला मांडलं की ते हत्यार राहत नाही, देव होतं, असं आपण धरून चालतो ना.

अक्षय पुढे झाला. बिचाऱ्याचे कान लाल. राजेंद्र मोबाईल धरून शूटिंग करत होता. म्हणाला, "दोनी हातांनी उचल रं." आणि मागून नेत्राचा आवाज आला.

"थांब."

मोठ्याने नाही. पण सगळे वळले.

म्हणाली, "आई, तू आधी तिथून सर. तू नळीसमोर उभी आहेस." मी सरले. ताट हातात, दिवा हलला. मग ती आबांना म्हणाली, "आबा, आधी उघडून दाखवा."

राजेंद्र हसला. "आली शूटरबाय. अगं, इलेक्शनला पोलिसांत जमा करून आणलेली हाय, सायबानं बघून दिली. खाली हाय ती."

"साहेबांनी बघितली. आपण कुठे बघितली?"

"पूजेत हत्यार मोडून उघडत नाय," आबा म्हणाले. तो आवाज तुला ठाऊक आहे. त्या आवाजापुढे आई कधी बोलली नाही, मी नाही, तू नाही. माझ्याच तोंडून निघणार होतं, नेत्रा, गप बस. ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

नेत्राचे डोळे भरले होते, दादूस. तरी ती अक्षयचं मनगट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मग मी याला उचलू देणार नाही. तुम्ही मला ओरडा."

कुणी ओरडलं नाही. आबा खाली बसले, गुडघ्यावर हात टेकत, हल्ली बसतात तसे. माळ काढली. नळी भिंतीकडे फिरवली आणि बंदूक मधून उघडली.

रिकामी होती.

"बघ," राजेंद्र म्हणाला, "काय म्हनलं मी?"

नेत्राने वाकून आत पाहिलं आणि डोळे पुसून म्हणाली, "हो. आता रिकामी आहे."

अक्षय फिस्सकन हसला, मग मीही. पण आबा हसले नाहीत. उघडी बंदूक त्यांनी मांडीवर घेतली. मग कुणाकडेच न बघता बोलले. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहितेय, एकही माझा नाही:

"त्या साली मीच भरलेली आनली होती. पहाटं शेतावरनं आलो, डुकरं गेली होती, काडतूस तसंच आत. आंघोळ केली आन् पाटावर ठेवली. जयदेवाला मीच म्हनलं, उचल. त्यानं मी सांगितलं तसंच उचललं. आन् गावात नाव त्याचं झालं, पोरानं चाळा केला म्हनून. मी होऊ दिलं."

राजेंद्रने मोबाईल खाली केला.

मला ते आठवतं, दादूस. मी नऊ वर्षांची होते, म्हणून कुणी मला विचारलं नाही, पण दवाखान्यातही मी तेच सांगत होते. तू कसला चाळा केला नव्हतास. नवीन सदरा घातला होतास, टोपी होती. दोन्ही हात पुढे केलेस, जसं आबांनी सांगितलं तसं. आवाज झाला तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते, कारण तू नमस्कार करत होतास. मला लागलं ते मला नीटसं आठवतही नाही. तुझा चेहरा आठवतो.

त्यानंतर तू बंदुकीला हात लावला नाहीस, ते मी समजू शकते. पण तू मला घाबरायला लागलास. भाऊबीजेला कायम माझ्या उजवीकडे बसतोस. सामान उचलताना माझ्या डाव्या हातातली पिशवी न विचारता काढून घेतोस आणि मान वळवतोस. दोन छर्रे आत आहेत, ते मला एक्स-रेतच दिसतात. तुला ते रोज दिसत असावेत.

"लहान आहे" असं तू नेत्राबद्दल लिहिलंस. मी काल रात्रभर त्याचाच विचार केला. तू तेव्हा लहान नव्हतास रे. तेराचा होतास, शहाणा होतास, माझ्यापेक्षा, राजेंद्रपेक्षा, सगळ्यांपेक्षा. तुला कुणी शिकवलं नव्हतं, आणि 'थांब' म्हणणारं घरात कुणी नव्हतं. मिसरूड बघून तुझ्या हातात दिली. आम्ही वय मोजलं आणि बाकी काहीच बघितलं नाही.

पुढे काय झालं ते सांगते. आबांनी अक्षयला जवळ बोलावलं. बंदूक उघडीच त्याच्या हातात दिली. "अशीच लाव कपाळाला," म्हणाले. त्याने लावली. मग आबांनी नेत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू पन ये." अजून बारा वर्षं सरलेली नाहीत, तरी. तिने बोट घोड्यापासून लांब, सरळ ठेवलं होतं. आईच्या फोटोसमोर हे सगळं झालं. आरती राहूनच गेली, दिवा विझला होता, परत लावावा लागला. पुऱ्या गार झाल्या, पण अक्षयने आठ खाल्ल्या.

जेवण झाल्यावर मी आबांना विचारलं, "हे दादूसला सांगाल?" ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "तूच लिव. मना जमाचं नाय." मग मी आत वळले तेव्हा मागून म्हणाले, "त्याला म्हनावं, ये."

एवढंच. पण त्यांच्या तोंडून मी 'ये' पहिल्यांदा ऐकलं. एरवी ते 'त्याला वेळ असेल तर' असं म्हणतात.

आता माझा आगाऊपणा. आज सकाळी मी किर्ती मॅडमना फोन केला आणि नेत्राचं नाव दिलं. सोबतचं मोठं माणूस म्हणून तुझं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "मामांना बंदुकीची सवय आहे?" मी म्हटलं, "नाही, भीती आहे." त्या म्हणाल्या, "मग पाठवा. न घाबरणारेच मला जड जातात."

तू मॅडमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला विचारलीस तर माझ्याकडे आता आहेत. थांब म्हटलं की नेत्रा थांबते. तुझ्या एका चिठ्ठीवर थांबली होती. थांब म्हणायची हिंमत आहे. तुझ्या बापाला म्हणाली. आता तिला फक्त शिकवणारं माणूस पाहिजे, आणि शेजारी बसणारं एक. नसशील येणार तर तेही कळव, मी दुसऱ्या बॅचपर्यंत थांबेन, पण तुझ्या जागी कुणाला बसवणार नाही.

रविवारी, पाच तारखेला, सकाळी नऊला. नेत्रा क्लबच्या दारात उभी असेल, छत्रीचं टोक जमिनीकडे. ती तुला आत गेल्यावर आधी उघडून दाखवायला सांगेल. रागावू नकोस, ती सगळ्यांनाच सांगते.

हे पत्र आपट्याच्या पानांत ठेवून पाठवतेय. सोनं आबांनी तुझ्यासाठी वेगळं काढलं होतं.

आणि या भाऊबीजेला माझ्या डाव्या बाजूला बस. पावसाळा सरलेला असेल, तिथे काही दुखत नाही.

तुझी वाट बघणारी,
वेणू