ते बरे आहेत

प्रिय ठमे,

गेल्या महिन्यात फोनवर मी तुला म्हणाले, "बाबांना वेळेवर जेवायला घाल, चालायचा कंटाळा करू देऊ नकोस," आणि तू हळूच विचारलंस, "आई, झोप लागते ना गं तुला?" तेव्हापासून तू दोन दिवसांआड फोन करतेस आणि जावईही मधूनच फोन घेऊन माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतं. माझं डोकं ठिकाणावर आहे. त्या वेळी शेजारच्या शिंपीणबाई दारात उभ्या होत्या, एवढंच. फोनवर हे सांगता येत नाही, कारण इथल्या भिंती कशा आहेत ते तुला माहीत आहे. त्या पलीकडे शिंकल्या तर मी इकडे बोलायची थांबते. म्हणून पत्र लिहिते आहे. एकटी असताना वाच.

माझं काम चालू आहे. हॉटेलात सध्या सगळ्या खोल्या भरलेल्या, त्यामुळे फाटक्या चादरींचा ढीग संपत नाही. समुद्राकडच्या बाजूचे पडदे वर्षभरात विरतात, तेही माझ्याकडेच येतात. माझ्याबरोबर शिवायला बसणाऱ्या दोघी आता गावाबाहेर राहायला गेल्या. पहाटे निघतात आणि दोन गाड्या बदलून येतात. परवा एक सुईत दोरा ओवता ओवता झोपली. आपल्या समोरच्या मास्तरीणबाईंनीही खोली सोडली. तिथे आता दर आठवड्याला नवे पाहुणे येतात, चाकाच्या बॅगा जिन्यावरून आपटत नेतात. मास्तरीणबाई जाताना म्हणाल्या, "मी पोरांना तीस वर्षं भूगोल शिकवला, पण या गावात मला जागा कुठे आहे ते नकाशात सापडेना." त्या हसल्या म्हणून मीही हसले.

आपल्या खोलीचं भाडं जुनं आहे, हे तुला माहीत आहे. ते बाबांच्या नावावर आहे आणि ते आहेत तोवरच आहे, हे मात्र तुला माहीत नसेल. कागद केला तेव्हा माझं नाव घालायला वेगळा अर्ज लागत होता. त्या दिवशी तुला ताप होता म्हणून मी गेले नाही. बाबा म्हणाले, पुढच्या खेपेला घालू. पुढच्या खेपेला ते विसरले आणि मीही आठवण केली नाही. दर तीन वर्षांनी मालकाच्या कचेरीतून कारकून येतात, बाबा त्यांच्यासमोर सही करतात, खाली साक्षीदार म्हणून कारकून करतात. नवं भाडं माझ्या पगाराहून जास्त आहे. मी एकदा ते विचारून आले, दुसऱ्या कुणासाठी म्हणून.

तरीही मी ठरवून काही केलं नाही, यावर विश्वास ठेव. तुझ्याकडे सगळं आटोपून मी परत आले त्या दिवशी शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. हातात कापडाचा गठ्ठा होता. त्यांनी विचारलं, "कसे आहेत हो आता?" माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात बाबांची काठी. मी म्हणाले, "बरे आहेत." जिन्यात उभं राहून कुणाला काय सांगायचं, वर जाऊन सांगू, असं मला वाटलं. वर गेल्यावर दार लावून घेतलं आणि सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "लेकीकडे आहेत म्हणे, सुधारताहेत म्हणे." मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी मला तो भाड्याचा कागद आठवला. मग मी बोललेच नाही.

तुला मी सांगितलं होतं, सगळे शेजारी येऊन बसून गेले, चार माणसांचा आधार आहे, काळजी करू नकोस. ठमे, कुणीही आलं नाही. इथे तुझे काका सोडले तर कुणाला माहीतच नाही. चार महिने मी घरात रडले नाही, कारण भिंती. एकदा हॉटेलात धुतलेल्या चादरींच्या खोलीत रडले, तर मुकादमीण म्हणाली, नवऱ्याची आठवण येते का, येतील हो लवकर.

शिंपीणबाईंचा सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण त्या चांगल्या आहेत. एक दिवस म्हणाल्या, "आजारपणात माणूस बारीक होतो. त्यांच्या दोन पँटी द्या, कंबर आत घेऊन ठेवते. आल्यावर गळत्या पँटीत नको फिरायला." मी नको म्हणाले तर स्वतःच खुंटीवरून काढून नेल्या. चार दिवसांनी इस्त्री करून आणून दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्या पँटी मी कपाटात ठेवल्या. कपाट उघडलं की समोर त्याच दिसायच्या, कंबर दोन इंच कमी.

मग कचेरीची चिठ्ठी आली की शुक्रवारी दुपारी कारकून येतील. मी तुझ्या काकांकडे गेले. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "वहिनी, दादाने मला आयुष्यभर त्याचे जुने कपडे घालायला लावले. आता आणखी एकदा घालतो." दोघे भाऊ एका साच्यातले आहेतच. कारकून तीन वर्षांतून एकदा बघणार, त्यात आजारपणाने चेहरा बदललेला. काकांनी आठवडाभर वर्तमानपत्राच्या कडांवर बाबांची सही गिरवली. शेवटी शेवटी ती इतकी हुबेहूब यायला लागली की मला बघवेना.

शुक्रवारी शिंपीणबाई दुकानात गेल्यावर काका आले. बाबांची कानटोपी घातली, मफलर गुंडाळला, पण पँट काही चढेना. तिची कंबर बारीक झालेल्या माणसासाठी आत घेतलेली, आणि काका खाऊनपिऊन सुखी. शेवटी वरचं बटण उघडं ठेवलं आणि त्यावर चादर पांघरून ते खिडकीजवळच्या बाबांच्या खुर्चीत बसले. मला म्हणाले, "उभं राहायला सांगितलं तर मात्र आपण दोघेही तुरुंगात." मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि त्याच खुर्चीकडे बघून. त्याची मला अजून लाज वाटते.

कारकून घामाघूम होऊन आले. त्यांचीही खोली गेली आहे, आता दोन तासांवर राहतात. पाणी प्यायले आणि विचारलं, "गुडघा काय म्हणतो?" काका म्हणाले, "कुठला गुडघा?" मी पटकन म्हणाले, औषधांनी विसरायला होतं. कारकुनांनी मान डोलावली. खिडकीला हात लावला आणि म्हणाले, "या इमारतीत एवढी एकच खिडकी न अडकता उघडते. बिजागऱ्यांना तेल घालायची यांची सवय अजून आहे वाटतं." तेल मी घालते, दर रविवारी. बाबांनी या गावाच्या निम्म्या खिडक्या बसवल्या, खारं वारं लोखंड कसं खातं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं.

मग कागद पुढे आला. काकांनी पेन घेतलं, चष्मा नीट केला आणि झोकात सही केली. स्वतःची. आठवडाभर भावाची सही गिरवलेल्या माणसाने समोर सरकारी थाटाचा कागद दिसताच पन्नास वर्षांच्या सवयीने स्वतःचं नाव लिहिलं. बोटीच्या तिकीटघरात आयुष्यभर तेच तर केलं. मला खुर्चीमागून दिसलं. काकांना कळलंच नाही, ते समाधानाने मागे टेकले.

कारकुनांनी तो कागद दोनदा वाचला. काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली साक्षीदाराची त्यांची सही सकाळी कचेरीतच करून आणलेली होती, वेळ वाचावा म्हणून. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कागद पिशवीत ठेवला आणि दारापर्यंत येऊन मला म्हणाले, "बाई, फाइल सोमवारपर्यंत माझ्या टेबलावर आहे. सोमवारी दुपारी वर जाते." जिना उतरता उतरता थांबले आणि न वळता म्हणाले, "चांगला माणूस होता."

ठमे, बाबांच्या जाण्याबद्दल या गावात परक्या कुणी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी दारात उभीच राहिले. आत काका विचारत होते, जमलं का नीट?

दोन रात्री विचार केला. मी गप्प राहिले तर तो कागद त्यांच्या साक्षीच्या सहीसकट वर जाईल आणि कारकुनांची नोकरी जाईल, तीही खोलीपाठोपाठ. त्यांनी मला तसं म्हटलं नाही, पण मला हिशेब कळतो. आणि खरं सांगू, कागद नीट झाला असता तरी पुढची तीन वर्षं मला ते बरे आहेत असं म्हणत राहावं लागलं असतं. ते बरे नाहीत गं. ते गेले.

सोमवारी सकाळी मी कचेरीत जाऊन सगळं सांगणार आहे आणि तो कागद परत मागणार आहे. त्याआधी आज संध्याकाळी शिंपीणबाईंकडे जाईन, पँटी घेऊन. खोली महिनाअखेरीस सोडावी लागेल. पुढे कुठे ते अजून ठरलं नाही. तुझ्याकडे दोन खोल्यांत चार माणसं आहेत, त्यामुळे घाईने काही बोलू नकोस. कचेरीत मृत्यूचा दाखला लागेल. सोमवारी तो मिळणार नाही, पण येतो आहे असं तरी मला सांगता येईल. तुझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, बटणांच्या डब्यात आहे. निघताना मी तो विसरले नव्हते. तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा मीच तो तिथे ठेवला, म्हणजे इथे माझ्या घरात तो नसेल. आता तो मला पाठवून दे.

तुझीच,
आई