साठ हजार मैल, घरबसल्या

८ डिसेंबर, सोमवार
विमान कंपनीचं कार्ड आज टपालाने आलं. निळं, जड. टेबलावर टाकलं की आवाज होतो. मार्लिसचं कार्ड सोळा वर्षं तेच जुनं. कुठेही वापरा, शंभराला दोन डॉलर परत. संपलं. भरारी नाही, काही नाही. या बाईशी मी संसार केला.
माझ्या कार्डावर तीन महिन्यांत चार हजार खर्च केले की साठ हजार मैल बक्षीस. म्हणजे आमचं डुलुथ ते स्पोकेन, दोघं, जाऊन येऊन, फुकट.
मार्लिसची थोरली बहीण आर्डिस स्पोकेनला एकटी राहते. ११ मार्चला तिच्या हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी मार्लिसला पोचायचंय. आज तिकीट स्वस्त होतं. "घेऊन टाकू का?" म्हणाली. मी म्हटलं, अगं, फुकट मिळणारी गोष्ट कुणी विकत घेतं का?
"बरं," म्हणाली. आमच्याकडे "बरं"चे सतरा अर्थ होतात. मी त्यातला सगळ्यात चांगला घेतला.
संकल्प: जादा खर्च शून्य.

४ जानेवारी, रविवार
आमच्या दोघांच्या खर्चात चार हजार होणं अशक्य. दोष काटकसरीचा. उपाय सापडला: लोकांची बिलं आपण कार्डावर भरायची, त्यांच्याकडून रोख घ्यायची.
चर्च सुटल्यावर अकरा जण जेवायला गेलो. बिल आलं तशी मी झडप घातली. सगळ्यांनी पाकिटं काढली. "अरे वर्नन, हे काय भलतंच!" मी रीतीप्रमाणे म्हटलं, राहू द्या. त्यांनी पुन्हा आग्रह केला. मी पुन्हा राहू द्या. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा इथे कुणी विचारत नाही. एकसष्ट वर्षं मिनेसोटात काढून हे मला ऐन वेळी आठवलं नाही. पाकिटं परत खिशात गेली. आमच्यातला ऑर्विल म्हणाला, "मग आता गोडाचंही मागवू या की!" मागवलं.
गाडीत मार्लिस काच पुसत बसली. काच स्वच्छच होती.

१ फेब्रुवारी, रविवार
चर्च गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. बाहेर शून्याखाली वीस. दुरुस्तीला अठराशे. ही तर देवाचीच योजना! मी कार्ड पुढे केलं. चर्चने मला सावकाश चेक द्यावा, असं पुढे म्हणणार होतो. तेवढ्यात पास्टर इंग्रिडनी माझे दोन्ही हात धरले. "वर्नन, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून..." हात सोडेचनात. अशा वेळी चेकचा विषय काढायचा कसा?

८ फेब्रुवारी, रविवार
चर्चच्या पत्रकात माझं नाव छापून आलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, केवढा हा विनय.
उद्या पास्टरना खरं काय ते सांगायचं.

९ फेब्रुवारी
बर्फ फार. उद्या.

१० फेब्रुवारी
बर्फ कमी. तरीही नाही.

३ मार्च, मंगळवार, सकाळी १०
चार हजार पार! कंपनीला फोन लावला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मुदत अर्ज मंजूर झाल्या दिवसापासून धरतात. कार्ड हातात पडल्यापासून नाही. तुमची २८ फेब्रुवारीला संपली."
तीन दिवस. मॅनेजर मागितला. मॅनेजरचा आवाज गोड नव्हता, बाकी तेच.
मार्लिसने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, येतायत मैल. एक-दोन दिवस.
हे खोटं नव्हे. ही आशा आहे.

५ मार्च, गुरुवार
मार्लिसची बॅग भरून दाराशी उभी. तिकीट तिप्पट झालंय. आर्डिसचा फोन मीच उचलला. "काय वर्नन, फार दानशूर झालास म्हणे! मला काही नको बाबा. तेवढी बहीण धाडून दे."
मार्लिस म्हणाली, "माझ्या कार्डावर काढू का मी तिकीट?" मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?
हे मी का बोललो, ते इथे लिहायचं नाही.

१० मार्च
बॅग अजून दाराशी. वळसा घालून जावं लागतं.

११ मार्च, बुधवार
ऑपरेशन सकाळी सातला होतं. नीट झालं. आत नेण्याआधी नर्सने आर्डिसला विचारलं, सोबत कोण आहे? आर्डिस म्हणाली, बहीण येणार आहे, विमानात असेल.
हे आर्डिसच्या शेजारणीने फोनवर सांगितलं. फोन ठेवून मार्लिसने मला विचारलं, "मैल कुठे आहेत, वर्नन?"
मी सांगितलं. सगळंच.
"बरं," म्हणाली. या वेळी अर्थ एकच होता.

१२ मार्च, गुरुवार
शंभराला दोन डॉलर तिने सोळा वर्षं हातही न लावता साठू दिले होते. त्यातून सकाळी तिकीट काढलं. एक. दुसऱ्याच कंपनीचं. विमानतळावर बॅगेचे पस्तीस डॉलर मागितले. मी माझं निळं कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, राहू दे. मी पुन्हा म्हटलं. राहू दे. तिसऱ्यांदा. राहू दे.
मी चौथ्यांदाही विचारलं. आमच्यात असं कुणी करत नाही. काउंटरवरच्या बाईनेसुद्धा मान वळवली. मार्लिसने स्वतःचं कार्ड काढून दिलं.
घरी आलो. दाराशी बॅग नव्हती. तरी वळसा घालूनच आत गेलो.